भिंतीत घुसलेली जीप

आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याला बहिणीकडे गेलो की पाट्या तेलुगूत वाचायच्या आणि भांडणं मराठीत ऐकायची, हा आमचा शिरस्ता. यंदा भाचा ओसरीवर मोबाइल घेऊन बसला होता आणि चक्क गोळ्या झाडत नव्हता. गेम थांबवून थांबवून स्क्रीनशॉट काढत होता.

"मामा, आमच्या ग्रुपवर स्पर्धा हाय. गेमचे पाच स्क्रीनशॉट धाडाचे अन् त्याईची एक गोष्ट लिवाची. जिंकल्याची गोष्ट चालत नाई."

शेवटच्या नियमावर मी बेहद्द खूश. हरल्याची गोष्ट लिहा, असं आमच्या निबंधाच्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही.

भाच्याचं पहिलंच चित्र: जीप अर्धी भिंतीत, अर्धी बाहेर. गेम बनवणाऱ्यांची चूक. पोरं तिला 'ग्लिच' म्हणतात. खाली ओळ: "पैनगंगेच्या पुलावर जीप अडकली. पुढचं चाक महाराष्ट्रात, मागचं तेलंगणात. आता तक्रार कोन्त्या ठाण्यात द्याची?" एवढं सीमाभागाचं राजकारण मला दोन अग्रलेखांत जमलं नसतं.

मोबाइलने पोरं वाया गेली, हे मोबाइलवरूनच फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरा थांबावं. 2000 साली आलेल्या 'द सिम्स' या गेममध्येच घरचा फोटो-अल्बम होता, फोटोखाली मजकूर लिहायची सोय होती. लोक खेळ बाजूला ठेवून त्यात सासू-सुनांच्या कादंबऱ्या रचत बसले. 2009 मध्ये 'द सिम्स 3'च्या चित्रांवरून 'अॅलिस अँड केव्ह' ही बेघर बापलेकीची गोष्ट आली, ती तर जगभर वाचली गेली.

आणि आपल्याला यात नवल ते काय? पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण सांगत. तेलंगणातच चेरियालचे लांबलचक पट उलगडत कथा चाले. आदिलाबादच्या परधानाला, म्हणजे गोंडांच्या भाटाला, तर चित्रही लागत नाही. किकरीवर गज फिरला की गोंडांच्या देवांची कथा सुरू. समोर बसलेल्यांनी ती लहानपणापासून ऐकलेली. तिथे लाइक मागून भागत नाही.

भाच्याच्या स्पर्धेत मात्र लाइक हाच निकाल. त्यामुळे गोष्ट अर्ध्या तासात लिहून झाली आणि उरलेला दिवस चुलत्या, मावश्या, आत्यांना फोन करण्यात गेला. हे त्याला गेमने शिकवलेलं नाही, सरपंचकीच्या निवडणुकीने शिकवलंय.

रात्री जेवणं झाल्यावर भाऊजींनी मुकाट आपला मोबाइल पोरापुढे सरकवला. "माह्ये बी पाच धाड."

एक: कापूस विकायच्या ऑनलाइन स्लॉटची तारीख. दोन: त्याच तारखेला पावसाचा इशारा. तीन: पुढची तारीख. चार: टेम्पोवाल्याला पाठवलेलं भाडं. पाच: खात्यातली शिल्लक, जी चौथ्याआधी होती त्याहून नेमकी भाड्याएवढी कमी. मधे काय झालं ते मी विचारलं. सरकारी खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेत नाहीत. यांचा 14 भरला होता. गाडी जशी गेली तशी परत आली.

भाच्याने धाडून दिले. पाचच मिनिटांत पोरांचा मेसेज: "काका, लय भारी! पन गेम कोन्ता? लेव्हल कितवी?"

भाऊजींनी चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप केलं: "बारा. त्याच्यावर आउट."