चौकातला किडा

आमच्या गावात पत्ता सांगायचा तर किड्यापासून सुरुवात करावी लागते. ‘किड्याला वळसा घाला, पुढचा सिग्नल सोडा, मग डावीकडे.’ गावाचं नाव एंटरप्राइझ, परगणा कॉफी, राज्य अलाबामा. (कॉफी हे एका सेनापतीचं आडनाव. पिकते ती भुईमुगाची शेंग.) अमेरिकेच्या दक्षिणेत गावाच्या मुख्य चौकात बहुधा यादवी युद्धातला दगडी सैनिक बंदूक घेऊन उभा असतो. आमच्या चौकात कारंजं आहे, कारंज्यात ग्रीक वळणाचा पायघोळ झगा घातलेली एक पांढरी बाई आहे, आणि तिने दोन्ही हातांनी डोक्यावर एक भलामोठा काळा भुंगा उचलून धरलाय. कपाशीची बोंडं खाणारा.

माझा जन्म तिथलाच, त्यामुळे प्रत्येक गावाला आपापला किडा असतो अशी माझी समजूत होती. माँटगोमेरीला पहिल्यांदा नेलं तेव्हा राजधानीचा किडा केवढा असेल या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती. तिथेही चौकात कारंजं होतं, वर बाई होती, पण किडा काही नव्हता. राजधानीबद्दलचं माझं मत तेव्हा जे खाली आलं ते अजून वर गेलेलं नाही.

बाकी खुणा म्हणाल तर पाण्याची टाकी, जुनं रेल्वे स्टेशन, आणि शेजारच्या फोर्ट रकर तळावरून उठणारी हेलिकॉप्टरं. ती डोक्यावरून गेली की वर्गात बाई बोलायच्या थांबत आणि आम्हाला उत्तर आठवायला फुकटचा वेळ मिळे. कॉलेजच्या खेळाडूंनीसुद्धा ‘बोल वीव्हिल्स’ हेच नाव घेतलेलं, म्हणजे मैदानात सगळं गाव किडीच्या नावाने ओरडणार.

घरात मात्र तिला थारा नव्हता. तांदूळ अटलांटाहून यायचा, गाडीने चार तासांवरून, पोत्याने. उन्हाळ्यात त्यात टोके पडत. हे टोके त्या भुंग्याच्याच सोंडवाल्या कुळातले, ही माहिती मी शाळेतून आणून मोठ्या अभिमानाने आईला दिली. ती सुपातून मान न काढता म्हणाली, “गावाने डोक्यावर घेतलाय म्हणून मी डब्यात घेणार नाही.”

1998च्या उन्हाळ्यात अकोल्याकडून आजी-आजोबा आले. आजोबा कपाशीवाले. त्यांच्या शेताची कित्येक पिकं अमेरिकन बोंडअळीने खाल्लेली. चौकात गाडी थांबली तेव्हा आजीने कारंज्यातली पांढरी मूर्ती पाहून आधी हात जोडले आणि मग विचारलं, “देवीच्या हातात काय हाय व?”

बाबांनी सांगितलं. आजोबा गाडीतून उतरले, कारंज्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, “काहून रे, किडीले पुतळा? हे इथलीच काय, आमच्याकडं आली ते?”

ती वेगळी, ती अळी, हा भुंगा, असं बाबांनी परोपरीने समजावलं. आजोबांचा चेहरा मात्र फरार आरोपीचं घर सापडलेल्या फौजदारासारखा झाला होता.

मग त्यांना सगळी हकिगत ऐकवावी लागली. मेक्सिकोतून टेक्सासात शिरलेला हा भुंगा 1915च्या सुमारास कॉफी परगण्यात पोचला. बोंडात सोंड खुपसून अंडी घालायची आणि पिल्लांनी आतल्या आत बोंड फस्त करायचं, हा त्याचा धंदा. कपाशी बसली, शेतकरी कर्जात गेले. तेव्हा एच. एम. सेशन्स नावाच्या व्यापाऱ्याने भुईमुगाची कल्पना आणली आणि 1916 साली सी. डब्ल्यू. बास्टन या कर्जबाजारी शेतकऱ्याने ती आपल्या रानात करून पाहिली. त्याचं कर्ज फिटलं. मग सगळेच शेंगांच्या मागे लागले, पैसा आला, आणि 11 डिसेंबर 1919 रोजी गावाने किडीचे जाहीर आभार मानून पुतळा उभारला. गंमत म्हणजे त्यावर किडा नव्हताच. तीस वर्षं बाई नुसतीच हात वर करून उभी होती. किड्याच्या स्मारकात किडाही असावा हे 1949 साली ल्यूथर बेकर यांना सुचलं.

आणि तेव्हापासून तो चोरीला जाऊ लागला. त्या जुलैत, आजोबा गावात असतानाच, कोणीतरी तो इतक्या जोरात उपटला की बाईचे हातही मोडले. गावभर सुतक. दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर लोक हळू आवाजात चौकशी करत होते. आजोबांना काही कळेना. “आमच्याकडं फवारे मारमारू थकलो तरी जात नोती,” ते म्हणाले, “अन् इथं चोर नेतात?”

पेट्रोल पंपावर त्यांना स्वतःचं एक सुख सापडलं होतं: मिठात उकडलेल्या शेंगा. तिकडच्या दक्षिणेत रस्तोरस्ती मोठ्या पातेल्यात शिजत असतात. अमेरिकेत त्यांना मनापासून पटलेली ही एकच गोष्ट. त्या सोलता सोलता त्यांनी पुतळ्याचा निकाल लावला. “कर्ज कोनाचं होतं? बास्टनचं. जोखीम कोनं घेतली? बास्टननं. अन् पुतळा कोनाचा? जिनं खाल्लं तिचा!” थोडं थांबून, “म्हंजे आपल्यासारखंच हाय म्हना.”

मला आजोबांचं पटतं. माझ्या गावाने कृतज्ञता दाखवली हे खरं, पण चुकीच्या प्राण्याला. संकटाचे आभार मानायला आवडतं ते त्यातून वाचलेल्यांना. त्याच भुंग्यापायी ज्यांना कुळवाडीची जमीन सोडून उत्तरेकडे पोट भरायला जावं लागलं, त्यांत काळे मजूर पुष्कळ होते, त्यांची वर्गणी त्या कारंज्यात असणार नाही.

बोंडातला तो भुंगा आता अलाबामातून फेरोमोनचे सापळे लावून, फवारून पुरता हटवलाय. जिवंत एकही शिल्लक नाही. जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: चौकातली बाई रेझिनची नक्कल आहे, तिच्यावर कॅमेऱ्याचा पहारा असतो. फुटलेली मूळ बाई जुन्या रेल्वे स्टेशनातल्या संग्रहालयात आहे, चालत जाण्याइतकी जवळ. बास्टनचा पुतळा मात्र शोधू नका.