राहू द्या, मी बघतो

देवगाव रंगारीत कुणाचं काही बंद पडलं, बिघडलं, आजारलं किंवा नुसतंच नकोसं झालं, की ते फिरत फिरत तात्यांच्या ओसरीवर येतं. तात्या मागत नाहीत. मालक कुरकुरत असतो, तात्या शेजारी उभे असतात आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतात, "राहू द्या, मी बघतो." असं बघता बघता भात्याला भोक पडलेली पेटी, पुतण्याची लूना, एका भाऊबंदाची कोर्टातली तारीख, भजनी मंडळाचा कधीच न जुळलेला हिशेब आणि तीन पायांचं एक कुत्रं इतका संसार जमलाय. स्वतः होऊन नवं काही विकत आणल्याचं गावाला आठवत नाही. लग्नसुद्धा दुसऱ्याचं मोडलेलं घेतलं, असं काकू चारचौघांत सांगतात, आणि तात्या नाही म्हणत नाहीत.

नोकरीही त्याच जातीची. जनावरांच्या दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. हा सरकारी कागदावरचा शब्द, गावाच्या तोंडी ड्रेसर. डॉक्टर इंजेक्शन देऊन फटफटीवर बसायचे आणि मागं उरलेली जखम तात्यांची.

तर 2023 साली आमच्याकडं अद्रकीला भाव आला. असा आला की लोकांना पैसे कुठं ठेवावेत ते सुचेना. कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बंगला बांधला आणि एकानं बंगल्याच्या हॉलमध्ये समुद्र आणून ठेवला. साधी माशांची पेटी नाही, खाऱ्या पाण्याची. तीनशे लिटरचं काचेचं टाकं, खाली पांढरी वाळू, आत दगड, वर निळा दिवा. गावात समुद्रातला मासा पाहिलेली माणसं म्हणजे शाळेच्या सहलीत मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहून आलेली तेवढी. 1951 साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाच्या दारासमोरच समुद्र होता. इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

पुढं अद्रकीचा भाव उतरला आणि समुद्राकडं कुणी बघेना. दिवा गेला, पंप घरघरायला लागला, काचेवर शेवाळ चढलं. तात्या त्या घरी गेले होते भलत्याच कामाला. मालक म्हणाला, "हे आता फेकूनच..." आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

छोटा हत्ती ठरवून समुद्र निघाला. निम्मं पाणी बॅरलमध्ये, दगड ओल्या पोत्यांत, मासे झाकणाच्या बादलीत. वाळू हलवली मात्र, अख्ख्या आळीत नासक्या अंड्यांचा वास सुटला. बंद वाळूच्या खालच्या थरात हवा पोचत नाही, तिथं या वासाचा वायू साठतो आणि तो माशांना मारक असतो. म्हणून तात्यांनी ती वाळू घेतलीच नाही. तरी वारकरी घरातल्या तीन बायका काकूंना येऊन विचारून गेल्या की तुमच्यात कधीपासून चालायला लागलं?

दुसऱ्या दिवशी काकू पदर खोचून, घासणी आणि भांड्यांचा साबण घेऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अडवलं. इथंच या माणसाची खरी विद्या. बहुतेक लोक असं टाकं घेतात आणि पहिल्याच दिवशी लखलखीत करतात. दगड नळाखाली धुतात, पाणी सगळं बदलतात आणि चार दिवसांत मासे उलटे. कारण माशाच्या लघवीशेणातून निघणारा अमोनिया विष असतो. त्या दगडांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून ते विष उतरवत असतात. दगड धुतला की ते कामगारच धुऊन जातात. शिवाय वाईट पाण्याची सवय झालेल्या जनावराला एकदम चांगलं पाणीही सोसत नाही. तात्यांनी पंप धुतला, पुढची काच पुसली आणि खुर्ची टाकून बसले. भजनी मंडळाच्या हिशेबाचंही त्यांनी असंच केलं होतं. पहिले सहा महिने वही उघडलीच नाही. ज्यांनी खाल्ले होते त्यांना धीर निघेना, ते आपणहून येऊन भरून गेले.

दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदलायचं. बोअरचं पाणी चालत नाही, म्हणून फिल्टरवाल्याकडचे वीस लिटरचे आरओचे जार. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, तेही खायचं नव्हे. समुद्रात नुसतं मीठ नसतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच असतं, म्हणून त्याची वेगळी पिशवी शहरातून येते. अख्खं टाकं एकदा भरायचं तर साडेदहा किलो. काकूंनी हे ऐकलं आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठच घातलं नाही. निषेध म्हणून.

पण गंमत उन्हाळ्यात झाली. मे महिन्यात पाणी उडून टाक्याची पातळी उतरायची आणि तात्या त्यात रोज गोडं पाणी ओतायचे.

"ओ तात्या, खाऱ्यात गोडं कामून ओतता?"

"पाणी उडतं, मीठ उडत नाही. खारं ओतलं तर त्याचं लोणचं होईल."

लाईट गेली की सेलवरचा हवेचा पंप, दुपारी बर्फाच्या बाटल्या तरंगत सोडलेल्या. घरात फ्रीजचं गार पाणी प्यायचं तर समुद्राची परवानगी लागायची.

आतली जनावरं म्हणजे एक मारकुटा निळा मासा, एक शंखातला खेकडा आणि दोन नारिंगी पट्टेवाले. पोरं त्यांना निमो म्हणतात. यांची मोठी मादी मालकाकडं असतानाच मेली होती. काही आठवड्यांनी तात्यांनी पारावर जाहीर केलं की उरलेल्यातला मोठा आता बाई झालाय. लोक हसले. पण खरंच आहे. हे मासे जन्मतात नर म्हणूनच, कळपातली सगळ्यात मोठी ती मादी आणि ती मेली की तिच्याखालचा नर मादी होतो. यावर पारावरच्या एका माजी सदस्यानं जे काढलं ते आळीभर गाजलं. "आपल्याकडं सरपंचपद महिला राखीव सुटलं की गडी बायकोला उभं करतो. हा गडी स्वतःच झाला की!"

दगडांवर मात्र एक उपरं बसलं होतं. फिकट तपकिरी, काचेसारखं पारदर्शक, झुपकेदार फूल दिसावं असं, पण शेजाऱ्याला डसणारं. तोडायला गेलं की तुटक्या तुकड्यातून नवं उगवतं. तात्यांनी पंप बंद केला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बिनधारेची जाड सुई सिरिंजला लावली आणि आतमध्ये खायच्या चुन्याची पातळ लापशी भरली. हा तोडगा खरोखरीचा आहे, जगभर असाच चुना वापरतात. कोपरापर्यंत हात पाण्यात. सुई त्या फुलाच्या तोंडाशी इतक्या हळू नेली की त्याला वाटावं, खाणं आलं. त्यानं तोंड उघडलं, तात्यांनी अंगठा दाबला. पांढरा थेंब, आणि फूल आपल्यातच मिटून गेलं. "पस्तीस वर्षं बैल धरला," तात्या म्हणाले, "हे काय विशेष."

कुणीतरी सुचवलं की मालवणकडून चार प्रवाळ आणून लावा, शोभा येईल. तात्यांनी चौकशी केली तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 सालीच प्रवाळ गेलेलं. म्हणजे वाघाच्या पंगतीला. विषय मिटला. तसंही नवं आणून लावायचं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतंच.

वर्ष झालं. पाणी असं स्वच्छ की पोरं काचेला नाक लावून बसतात. निळा मासा तेवढा अजून सगळ्यांना मारतो, पण तो स्वभाव आहे, आजार नाही. आणि नेमकं इथंच तात्यांचं मन उडालं. सकाळी खाणं टाकतात, ताट वाढून उठावं तसे उठतात. मी विचारलं, तर म्हणाले, "आता काय, खातात अन् पोहतात." धडधाकट गोष्टीशी बोलायचं काय, हे या माणसाला कधी कळलंच नाही. काकू म्हणतात, मी पस्तिशीनंतर गुडघे दुखतात म्हणायला लागले तेव्हा कुठं यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

टाकं सुधारल्याची बातमी मालकापर्यंत गेली. मुलीला बघायला पाहुणे येणार होते, हॉल रिकामा दिसत होता. तो आला, काचेसमोर हरखून उभा राहिला आणि "न्यायचं म्हणतो" म्हणाला. तात्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी वही काढून त्याच्या हातात दिली. रोजचं पाणी, आठवड्याचे जार, मीठ किती, पाण्याची रंगावरून तपासणी, बर्फाच्या बाटल्या, लाईट गेल्यावर काय, लग्नाला गावी जायचं तर कुणाला सांगून जायचं. मालकानं दोन पानं वाचली, तिसरं उलटलं आणि वही परत केली.

"राहू द्या तात्या तुमच्याकडंच. शोभतंय इथं."

तात्यांचं लक्ष नव्हतं. "तुमच्या मागच्या अंगणात तो जनरेटर पडलाय ना? पावसातच असतो का?"

"त्याचं इंजिन जाम आहे हो. भंगारवाल्याला सांगितलंय."

"कधी यायचाय तो?" तात्यांनी पायात चप्पल सरकवत विचारलं.