तू जाणतोस, प्रभू

देवाला सगळं ठाऊक असतं, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा. तरीपण एकदा त्याच्या कानावर घातलेलं बरं, ही आमच्या काकांची. शहर कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण काका देवाशी बोलताना अजून नगरच म्हणतात. पत्त्यात घोळ नको. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी "आता काका आपल्याला प्रार्थनेत चालवतील" असं म्हटलं, की अनुभवी आया लेकरांना पाणी पाजून घेतात आणि गुडघे दुखणारी मंडळी बसूनच राहते.

काका पाळक नाहीत, पंच नाहीत, खजिनदारही नाहीत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फलाटावर गाड्या पुकारून तयार झालेला तो आवाज, त्याला माईक लागत नाही. प्रार्थना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुटते. आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मग भारत देश, मग पाऊस, मग मुळा धरणातलं पाणी. इथपर्यंत सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि मनं दुपारच्या मटणाकडे. मग काका एक दम घेतात आणि म्हणतात, "तू जाणतोस, प्रभू..."

आता बातम्या.

"तू जाणतोस, प्रभू, आमच्या एका भगिनीच्या मुलाने पुण्याची नोकरी सोडली आहे." भगिनी दुसऱ्याच बाकावर असते. मुलगा रजेवर आलाय, असं ती महिला संघात आठवडाभर सांगत असते. "तू जाणतोस, प्रभू, दोघे सख्खे भाऊ घराच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलत नाहीत." दोघे भाऊ दोन टोकांना, मान खाली. नाव काका कधीच घेत नाहीत. नावाची गरजच पडू नये इतका तपशील देतात.

या गाडीला ब्रेक एकच, काकू. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्सिंग केलं; पेशंटला किती बोलू द्यायचं हे त्यांना कळतं. काका वाक्य संपवून श्वास घेतात त्या फटीत काकू खणखणीत "आमेन" म्हणतात. पाठोपाठ अख्खी मंडळी इतक्या जोरात आमेन म्हणते की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, केवढी ही भक्ती!

लोक चिडतात. चिडतात आणि घरात कुणाला ॲडमिट करायची वेळ आली की पहिला फोन काकांनाच करतात. आपण दवाखान्यात पोचेपर्यंत काका दारात उभे असतात, हातात काकूंचा डबा आणि त्या वॉर्डातल्या सिस्टरचं नाव. मी पुण्याला राहायला गेले, तिथलं चर्च मोठं, एसी, उपदेश नेमका अर्ध्या तासाचा. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना माझं नाव महिनोन्महिने ठाऊक नव्हतं. तिथं मला आजारपणात एकदाही कुणी उघडं पाडलं नाही, आणि विचारलंही नाही. गावी गेले की काका माझ्या ब्लडप्रेशरसाठी वरचा-खालचा आकडा धरून प्रार्थना करतात. संकोच वाटतो, पण गोळी चुकत नाही.

काकांचा दुसरा विषय गायन. 'उपासना संगीत' त्यांना पाठ आहे, तेही नंबरानं. पाळकसाहेबांनी पहिला शब्द उच्चारायच्या आत काका नंबर सांगून मोकळे. एकदा मुलानं बुक करायला घेतलेला फ्लॅट त्यांनी नाकारला, कारण दारावरचा नंबर मयतीच्या गीताचा होता. "रोज घरात शिरताना तेच म्हणत शिरायचं का?"

नारायण वामन टिळकांवर काकांचा हक्क घरातल्या माणसासारखा. 1831 साली अमेरिकन मिशन नगरला आलं, त्यांनी धर्म आणला तशा आपल्या चालीही आणल्या. मराठी शब्द त्या इंग्रजी चालीत कोंबले की ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं काहीतरी भलतंच व्हायचं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि येशूला अभंगात आणून बसवलं. हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि शेवटी म्हणतात, "माझ्या आजीला टिळकांच्या लक्ष्मीबाई नावानं ओळखायच्या." नगरच्या ख्रिस्ती समाजात जिथल्या आजीला लक्ष्मीबाई ओळखत नव्हत्या असं एकही घर सापडायचं नाही, म्हणून कुणी उलटतपासणी करत नाही. पाहुणा पुण्याचा निघाला तर आणखी एक टोला असतो. "तुमचा केसरी 1881 चा. आमचा ज्ञानोदय 1842 चा."

अशा माणसापुढं नवे पाळकसाहेब गिटार घेऊन आले. वय तिशीच्या आतलं, लग्न व्हायचं. गीताचे शब्द पडद्यावर दिसू लागले, नंबर गायब. काका पहिले काही रविवार गप्प बसले, म्हणजे गीत सुरू होताच फक्त नंबर मोठ्यानं सांगायचे. पेटी-तबला कोपऱ्यात सरकला तेव्हा मात्र ते बोलायला गेले. पाळकसाहेब अभ्यासू. म्हणाले, "काका, 'सायलेंट नाइट' तुम्हाला आवडतं ना? 1818 साली ऑस्ट्रियात ते पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवरच."

काकांनी क्षणभर विचार केला. "तिकडं पेटी मिळत नसेल," ते म्हणाले.

डिसेंबर लागला की काका सेवानिवृत्त राहत नाहीत. नगरची थंडी, डोक्याला मफलर, खिशात यादी. रात्रीच्या कॅरल पार्टीचा टेम्पो कोणत्या घरी आधी जाणार, चहा कुठं, भजी कुठं, हे त्या यादीत. यादी फलाटावरच्या शिस्तीनं लागते आणि पहिल्याच रात्री कोलमडते, कारण प्रत्येक घरी "थोडक्यात प्रार्थना" काकाच करतात. शेवटच्या घरी टेम्पो पोचतो तेव्हा यजमान झोपलेले आणि भजी चामड झालेली.

दिवसा त्यांचा मुक्काम बेकरीवर. केक आणि नानकटाईचं सामान घरी कालवायचं आणि भट्टीवर भाजून आणायचं, ही जुनी पद्धत. पत्र्याच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. काकांचा तरीही विश्वास नाही. भट्टीवाला चाचा मुसलमान, दरवर्षी हसून स्टूल पुढं करतो. घरी काकूंच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या चालू. दिवाळीत शेजारून आलेली ताटं नाताळात भरून परत जायची असतात, आणि त्या बाबतीत काकू काकांचंही ऐकत नाहीत.

यंदा नाताळच्या नाटकावरून जुंपली. मागी, म्हणजे बाळ येशूला नजराणे आणणारे ज्ञानी, व्हायला नऊ पोरं तयार, भूमिका तीन. मेंढपाळ व्हायला कुणी तयार नाही, कारण मेंढपाळाला घोंगडी आणि मागीला मुकुट. आया भांडायला उठल्या. पाळकसाहेब चिठ्ठ्या टाकणार इतक्यात काकांनी बायबल उघडलं. "मत्तयात तीन हा आकडा दाखवा. नजराणे तीन आहेत, सोनं, ऊद, गंधरस. माणसं किती ते लिहिलेलं नाही." कुणाला दाखवता आला नाही. नऊच्या नऊ मागी झाले. काकूंनी विचारलं, मग मुकुट कोण शिवणार? हेही मत्तयात लिहिलेलं नव्हतं.

नाताळच्या सकाळी मंदिर गच्च. वर्षातून एकदा येणारी कुटुंबं नव्या कपड्यांत लवकर येऊन बसलेली, नेमकी काकांच्या पंख्याखालच्या बाकावर. काका भिंतीला टेकून उभे राहिले आणि आल्यागेल्याला "सलाम, सलाम" करत, कोण कुणाबरोबर आलंय, कोण एकटं आलंय, हे टिपत राहिले. मी मनात म्हटलं, आज प्रार्थनेला भरपूर माल आहे. पाळकसाहेबांनाही ते दिसलं असावं. माईक देताना ते हळूच म्हणाले, "काका, आज दोनच मिनिटं."

काकांनी आकाश-पृथ्वी गाळली. धरण गाळलं. थेट म्हणाले, "प्रभू, तुझ्या या दासाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. मी पेटीवाला, तो गिटारवाला, पण तो तरुणांना मंदिरात घेऊन आला हे खरं." पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. मग काकांनी दम घेतला.

"तू जाणतोस, प्रभू, मागच्या मंगळवारी हा सोलापूरला मुलगी बघून आला."

सगळे डोळे एकदम उघडले. पाळकसाहेबांनी काकूंकडं पाहिलं, आता तरी आमेन म्हणा. काकू तोंड घट्ट मिटून, मान थोडी पुढं काढून ऐकत होत्या. फट आली, गेली.

"मुलगी स्टाफ नर्स आहे, प्रभू, आणि अल्टो गाते. मुलीकडच्यांना उत्तर हवं आहे आणि तुझा दास अजून कळवत नाही. आम्ही मंडळी म्हणून वाट पाहत आहोत."

"आमेन!" पाळकसाहेब स्वतःच ओरडले. पाठीमागून एकही आमेन आला नाही.