मृगाच्या आत

राजापुरात पाऊस जूनमध्ये येतो, पण तो मे महिन्यापासूनच आत्याच्या तोंडून पडायला लागतो. ‘मृग लागायच्या आत’ असं वाक्य सुरू झालं की घरातल्या पुरुषांना जवाहर चौकातलं एखादं तातडीचं काम आठवतं. तिथेही सुटका नसते. अर्जुना आणि कोदवली चढल्या की चौकात पाणी शिरतं, म्हणून दुकानदार आधीच खालचा माल वर चढवू लागतात. टेकायला गेलेल्याच्या हाती पोतं येतं.

आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं अशी: लाकडं पडवीत रचायची, आमसुलं नि फणसपोळ्या डब्यांत बंद करायच्या, कौलं परतायची. कौलांची धास्ती सर्वांत जास्त. बासल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हा पावसाचा हिशेब केला असेल. वानरांचा केलेला दिसत नाही.

आत्याच्या अंगावर मात्र यातलं काहीच येत नाही, कारण ती काम सांगतच नाही. “जरा वर चढून बघ रे, शेजाऱ्यांच्या कलमाला आंबे किती राहिलेत?” माणूस कुतूहलानं शिडी चढतो, की खालून कौल पुढे येतं. लाकडं रचताना ती भाऊबंदकीतल्या एका दाव्याची हकिगत लावते आणि शेवटचा ओंडका बसल्याशिवाय निकाल सांगत नाही. निकाल दरवर्षी वेगळा असतो, त्यामुळे जुने श्रोतेही हजर.

माळ्याची गोष्ट निराळी. शिवाजी महाराजांनी १६६१ साली इथल्या इंग्रजांच्या वखारीला खणती लावली. आमच्या माळ्याला ती आत्या लावते. एकेक वस्तू ओटीवर उतरते, तिची सुनावणी होते आणि ती निर्दोष सुटते. फुटका स्टो. झाकण नसलेला डबा. डबा नसलेलं झाकण (ही दोघं एकमेकांची नव्हेत, तपासून झालंय). कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, ज्यावर तीन घरांचा हक्क आहे. संध्याकाळी सगळं पुसून पुन्हा वर. माझ्या मते आत्याची खरी हुशारी इथेच आहे: टाकायचं म्हटलं की भांडण, ठेवायचं म्हटलं की करमणूक.

यंदा तिचा ठाण्याचा नातू आला, तो शास्त्र घेऊन. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन माणसानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ही पद्धत काढली: २५ मिनिटं काम, मग ५ मिनिटं विश्रांती, म्हणे मनावर ताण येत नाही. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “पंचवीस मिनिटांत हाताचा फणसाचा चीकसुद्धा जात नाही रे मेल्या.”

तेवढ्यात मुंबईहून फोन. उन्हाळे गावी जमिनीतून अधूनमधून उगवणारी गंगा आली होती. पूर्वी ती साधारण तीन वर्षांनी यायची, हल्ली लहर लागेल तेव्हा येते. “चौदा कुंडांवर आंघोळ करून उद्या दुपारी तुमच्याकडे जेवायलाच!”

ओटीवर अख्खा माळा पसरलेला. आत्यानं पदर खोचला.

“लाव रे तुझा टोमॅटो.”

तो वाजायच्या आत ओटी मोकळी झाली. मग ध्यानात आलं, की घाईत शिडीही वर ओढली गेली आहे, आणि ती ओढणारा नातूही वरच आहे.

“आता आहेसच वर,” आत्या खालून म्हणाली, “तर त्या कोपऱ्यातली कोळिष्टकं काढ. चहा तिथेच पोचवते.”