शंभर टक्क्यांचे फौजदार

मनुष्यजातीत काही माणसे अशी जन्मास येतात की, हाती घेतलेली गोष्ट अपुरी राहिली तर त्यांना अन्न गोड लागत नाही. आणि ती गोष्ट मुळात हाती घेण्याजोगी होती की नव्हती, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनास कधी शिवत नाही. अष्टविनायकांपैकी सात झाले आणि आठव्याच्या वाटेवर मोटार बंद पडली, तर हे गृहस्थ उरलेला पल्ला पायी तोडतील. दिवाळी अंक हाती पडला तर मुखपृष्ठापासून मलपृष्ठावरील केशतेलाच्या जाहिरातीपर्यंत अक्षर न् अक्षर वाचून मगच तो शेजाऱ्यास देतील. आणि शब्दकोड्यातील एक चौकट रिकामी राहिलीच, तर ते वर्तमानपत्र रद्दीत न घालता गादीखाली जपून ठेवतील. या जमातीचा एखादा तरी इसम प्रत्येक गावात असतो. पुरुषोत्तमनगरात जो आहे त्याला वसाहतीतील लहानथोर ‘फौजदार’ या नावाने ओळखतात, आणि पोलीस खात्याशी त्याचा आजन्म कसलाही संबंध आलेला नाही.

पुरुषोत्तमनगर हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचा हा मुक्काम. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मध्ये ऊस, केळी नि पपई. येथल्या माणसाचे वर्ष पाडव्याला सुरू होत नसून गव्हाणीत पहिली मोळी पडते त्या दिवशी सुरू होते. आणि गाळप आटोपून ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, काट्यावरची गाड्यांची रांग ओसरली आणि हवेतला मळीचा वास विरळ झाला की, जो रिकामा काळ उरतो त्यात मनुष्याच्या अंगी असलेले नाना गुण उफाळून येतात. आमच्या फौजदारांचे गुण मात्र हंगामाची वाट पाहत नाहीत.

ते कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकापाशी बसून, भोंगा झाल्यावर आत आलेल्या प्रत्येक कामगाराच्या नावापुढे त्याच्या विलंबाची रीतसर नोंद करणे, हे त्यांचे आयुष्यभराचे अवतारकार्य. त्यांच्या हजेरीपटावर खाडाखोड नसे, शाईचा डाग नसे, आणि दयामायाही नसे. फौजदार ही पदवी त्यांना मिळाली ती या कर्तबगारीमुळे नव्हे, तर वसाहतीत घडणाऱ्या प्रत्येक क्षुल्लक प्रकरणाची स्वयंस्फूर्त तहकिकात करण्याच्या त्यांच्या खोडीमुळे. सार्वजनिक नळाची तोटी नाहीशी होवो, गणपतीच्या वर्गणीत एक रुपया जास्त निघो, की कोणाची शेळी कोणाच्या परसातील मेथी खाऊन जावो, फौजदार वही घेऊन हजर. जबान्या होत, मोजमापे होत, पंचनामा होई; आणि मुद्देमाल, म्हणजे बहुधा उरलेली मेथी, ताब्यात घेतला जाई. या विद्येतले त्यांचे गुरू बाबूराव अर्नाळकर. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या ही गोष्ट बहुतेक वाचकांस कौतुकाची वाटते. फौजदारांना ती आव्हानाची वाटली, आणि झुंझार, धनंजय व काळापहाड यांच्या जितक्या पुस्तिका त्यांना खानदेशातील वाचनालयांतून नि रद्दीच्या दुकानांतून मिळाल्या, त्या सर्वांची त्यांनी अनुक्रमांकासह एक फेरिस्त केली. ज्या मिळाल्या नाहीत त्यांचे रकाने कोरे आहेत, आणि त्या कोऱ्या रकान्यांवर नजर गेली की गृहस्थ अद्याप उसासा टाकतो.

वार्धक्यात मनुष्य परमार्थाकडे वळतो म्हणतात, आणि तापी-गोमाईच्या संगमावरची दक्षिणकाशी जी प्रकाशा, ती येथून जवळच असल्यामुळे त्या वळणाची सोयही उत्तम आहे. परंतु निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत पुण्यास संगणकाचे शिक्षण घेणारा नातू घरी आला, त्याने आपला जुना संगणक आजोबांच्या टेबलावर मांडला, आणि परमार्थ बारगळला. “आबा, यात एक खेळ आहे,” तो म्हणाला. “साठ माणसं गायब झालीत. कोण कोण होतं आणि कोणाचं काय झालं ते शोधायचं. हजेरीपटसुद्धा दिलाय.”

हजेरीपट हा शब्द ऐकताच आबांनी चष्मा पुसला.

तो खेळ म्हणजे ल्यूकस पोप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने बहुतांशी एकट्याने रचून २०१८ साली प्रसिद्ध केलेला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. ईस्ट इंडिया कंपनीचे ओब्रा डिन नावाचे व्यापारी जहाज १८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघते, केप ऑफ गुड होपला ठरल्या मुदतीत पोचत नाही, बुडाले असे समजून दप्तरात बंद होते, आणि १८०७ च्या ऑक्टोबर महिन्यात फॅलमथच्या बंदरात, फाटक्या शिडांनिशी, आपोआप येऊन लागते. वर चिटपाखरू नाही. खेळणाऱ्याने कंपनीचा विमा निरीक्षक होऊन त्यावर चढावयाचे. हाती एक वही, तीत जहाजावरच्या साठ जणांची नावे, हुद्दे आणि मुलूख, सोबत त्यांची चित्रे. आणि खिशात एक अद्भुत घड्याळ, जे कोणत्याही प्रेतापाशी नेले असता त्या मनुष्याच्या मरणक्षणीचे आवाज ऐकविते आणि तो क्षण गोठवून दाखविते. कोणता चेहरा कोणत्या नावाचा, तो मेला कशाने, आणि मारला असल्यास कोणी, एवढे लिहावयाचे. सारे दोनच रंगांत, जुन्या काळच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर दिसे तसे. टाइमकीपराच्या हाती वही आणि घड्याळ एकाच वेळी देणाऱ्या त्या पोपसाहेबाने पुरुषोत्तमनगर पाहिलेले नसावे, पण आमच्या फौजदारांस हा योगायोग मुळीच वाटला नाही. आपली नेमणूक झाली आहे, असे त्यांना वाटले.

पहिल्याच रात्री त्यांनी कापडी बांधणीची एक जाड वही काढून तीत ‘मौजे ओब्रा डिन, तपासाचे कामी’ असा मथळा घातला. १८०७ साली खानदेशात कंपनीचा अंमल नव्हता, तो १८१८ साली आला, असे एक टाचणही त्यांनी पहिल्या पानावर करून ठेवले. त्याचा तपासाशी संबंध काय, असे आम्ही विचारले तेव्हा “दप्तरात असू द्यावं” एवढेच उत्तर मिळाले. जहाजावर काही हिंदुस्थानी खलाशी आहेत असे यादीत आढळताच त्यांच्या नावांखाली तांबड्या शाईची रेघ ओढली गेली, आणि आपल्या मुलखातील माणसांचा निकाल आधी लागला पाहिजे, असा हुकूम त्यांनी स्वतःच स्वतःस दिला.

या खेळात तीन माणसांचे निदान बरोबर जुळल्याखेरीज त्यांची नोंद पक्की होत नाही. ती योजना मुळात अंदाजपंचे उत्तरे ठोकणारास आवर घालण्यासाठी. तरीही दोघांची खातरी असली की तिसऱ्याच्या जागी नावे बदलत बसावीत आणि शिक्का पडेपर्यंत थांबावे, असा सुलभ मार्ग तरुण मंडळी काढतात. नातवाने तो सुचविला. फौजदारांनी त्याच्याकडे तसे पाहिले, जसे उशिरा आलेल्या कामगाराने ‘भोंगाच लवकर झाला’ असे सांगितले असता ते पूर्वी पाहत. पुराव्यावाचून एकही नाव वहीत चढणार नाही, असे त्यांनी बजावले, आणि त्या हट्टापायी जो तपास तरुणास आठवडाभरात संपविता येतो तो येथे संक्रांत ओलांडून गेला.

पण एका बाबतीत त्यांनी नातवासही थक्क केले. जहाजावरचे काही खलाशी केवळ झोळ्यांत निजलेले दिसतात. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, पण झोळ्यांवरचे क्रमांक यादीशी पडताळता येतात, आणि चौघा चिनी खलाशांची तर झोळीबाहेर आलेल्या पायांतल्या जोड्यांवरून फोड करावी लागते. या ठिकाणी भलेभले खेळाडू हात टेकतात. फौजदारांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, पडद्याकडे एकवार पाहिले, आणि चौघांची नावे क्रमाने सांगितली. “रात्रपाळीला साखरेच्या पोत्यांआड गोधडी ओढून कोण झोपलंय, हे पायांवरून ओळखण्यात माझी हयात गेली,” ते शांतपणे म्हणाले. “तोंडं सगळे झाकतात रे. चपला कोणी झाकत नाही.” आम्ही शेरलॉक होम्सविषयी पुष्कळ वाचले आहे, परंतु त्याने रात्रपाळी सांभाळल्याचा उल्लेख कोठे आढळत नाही, आणि त्याच्या कीर्तीतली ही उणीव आम्हांस त्या दिवशी प्रथमच जाणवली.

घरच्यांची स्थिती निराळी होती. बाजारास जाणारे शेजारी खिडकीतून “काय फौजदार, कोणी मारं त्याले?” अशी पृच्छा करीत, आणि खरोखरच उत्तर मिळू लागले की सायकल दामटून पसार होत. स्वयंपाकघरातून येणारे समन्स अधिक जबर असे.

“अहो, भाकरी निवायला लागली.”

“अगं, दोन माणसं राहिलीत फक्त.”

“जिवंत का मेलेली?”

“मेलेली.”

“मग ती थांबतील. जिवंत माणसानं जेवायला यावं.”

यथावकाश साठांची साठ नावे पक्की झाली. कोणी कोणास मारले हे येथे सांगून आम्ही भावी खेळाडूंचा विरस करीत नाही. फौजदारांनी त्या रात्री वहीच्या अखेरच्या पानावर ‘तपास पूर्ण’ असे लिहून खाली लपेटदार सही केली, आणि नातवास दूरध्वनी केला. त्या बिचाऱ्याने आनंदाच्या भरात सांगू नये ते सांगितले: “आबा, आता बहुमानांची यादी उघडून बघा. बहुतेक सगळे मिळाले असतील.”

बहुतेक!

संगणकाच्या खेळांत असे बहुमान वाटण्याची चाल अलीकडची. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००५ साली एक्सबॉक्स ३६० या यंत्राबरोबर ती सर्व खेळांस सरसकट लागू केली, २००८ मध्ये सोनीने तिला चषकांचे रूप दिले आणि सर्व चषक जिंकणारास वर एक प्लॅटिनमचा चषक ठेवला. आणि तेव्हापासून खेळ संपला तरी यादी संपत नाही, हे जगभरच्या अनेक प्रापंचिकांचे दुःख होऊन बसले. स्टीम नावाच्या दुकानात तर प्रत्येक बहुमान जगातील किती टक्के खेळाडूंना मिळाला, हेही छापलेले असते. वास्तविक साखर कारखान्यात ज्याचे केस पांढरे झाले त्याला टक्केवारीचे इतके वेड असण्याचे कारण नाही. तेथे शंभर टन उसातून दहा-अकरा टन साखर निघाली तर उतारा चांगला म्हणतात, आणि बाकीचे जे नव्वद टन पाणी, भुसा नि मळी होऊन जातात त्याबद्दल कोणी सुतक पाळीत नाही. पण फौजदार उताऱ्याच्या खात्यात नव्हते. ते हजेरीच्या खात्यात होते; आणि तेथे नव्याण्णव माणसे आली म्हणजे एक गैरहजर असतो.

त्या यादीत एक बहुमान कोरा होता. तो मिळविण्याची अट वाचून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सगळ्या अनर्थाचे खापर एकट्या कप्तानाच्या माथी मारून तसा अहवाल कंपनीस धाडावयाचा, म्हणजे तो बहुमान पदरी पडणार! ज्याने कंपनीचे मीठ खाऊन महिनोन्महिने सत्य शोधले, त्यानेच आता जाणूनबुजून खोटा कागद रंगवावा, असे फर्मान खुद्द खेळानेच सोडलेले. आणि हे केवळ कागदी पाप नव्हे. या खेळात निरीक्षकाच्या अहवालावरून कंपनी मृतांच्या वारसांस भरपाई देते किंवा दंड ठोठावते.

“कॅप्टनच्या वारसांनी काय करायचं?” दोन दिवस ते हाच प्रश्न भेटेल त्याला विचारीत होते. शहाद्याच्या एका वकिलांनी, हे सर्व काल्पनिक असल्याने फौजदारी कलम लागत नाही, असा अभिप्राय मोफत दिला. त्याने समाधान झाले नाही. निवृत्त मुख्याध्यापकांनी धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’चा दाखला दिला, पण त्या प्रसंगानंतर धर्मराजाचा रथ जमिनीस टेकला हेही ओघात सांगून बसले, आणि प्रकरण आणखी आठ दिवस तहकूब झाले. एकीकडे हयातभर निष्कलंक राहिलेला हजेरीपट आणि दुसरीकडे यादीतील तो एक कोरा रकाना, यांच्या ओढाताणीत फौजदारांचे वजन घटल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

अखेर तोड निघाली ती सरकारी रिवाजातूनच. एका रविवारी सकाळी पत्नी व शेजारचे एक सेवानिवृत्त शेतकी अधिकारी यांस पंच म्हणून टेबलापाशी बसवून, फौजदारांनी आधी वहीत असा मजकूर लिहिला की, पुढे पाठविण्यात येणारा अहवाल खोटा असून तो केवळ बहुमानाच्या पूर्ततेसाठी, कोणाही मयताच्या अब्रूस बाध न येता, सादर होत आहे. त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. आणि मग डोळे किलकिले करून एकामागून एक नावापुढे कप्तानाचे नाव टाकीत गेले. वादळाने वाहून नेलेला मनुष्यसुद्धा कप्तानाने मारला. आजाराने मेलेलाही कप्तानानेच. शेतकी अधिकारी मध्येच म्हणाले, “आपल्याकडंही काही कमी-जास्त झालं की एकाच माणसाचं नाव घेतात, त्यात काय एवढं,” आणि ही सूचना पंचनाम्यात घेण्यास फौजदारांनी साफ नकार दिला. अहवाल रवाना झाला, बहुमान पडद्यावर उमटला, पत्नीने चहा आणला. फौजदारांनी तो घेतला नाही. त्यांनी त्याच बैठकीत नवा तपास उघडला आणि साठही जणांचा खरा निकाल पुन्हा पहिल्यापासून लावला, कारण दप्तरातला शेवटचा कागद खोटा राहता कामा नये. एवढे झाल्यावर मग त्यांनी आंघोळ केली.

सध्या त्यांची बदली १९४७ च्या लॉस एंजलिसला झाली आहे. ‘एल. ए. नोआर’ हा २०११ सालचा गुप्त पोलिसांचा खेळ नातवाने धाडला. त्यातील साक्षीदार खरे बोलतो की खोटे हे चेहऱ्यावरून ओळखण्याचे काम फौजदारांना फारसे अवघड गेले नाही. सुटीचे अर्ज घेणारास ती कला अवगत असतेच. अडचण बहुमानांची. शहरात लपविलेल्या पन्नास चित्रफिती शोधणे हे एक, आणि खेळातील पंचाण्णवच्या पंचाण्णव प्रकारची वाहने स्वतः हाकणे हे दुसरे. आणि या गृहस्थांनी जन्मात सायकलखेरीज काही चालविलेले नाही. तरी ते रोज जेवणानंतर एक नवे वाहन बाहेर काढतात. तांबडा दिवा लागला की थांबतात, वळताना खुर्चीत बसल्या बसल्या डावा हात बाहेर काढतात, आणि अमेरिकेत रहदारी उजवीकडून चालते हे नातवाने वारंवार सांगूनही आपल्या डाव्या बाजूने अत्यंत सावकाश जात राहतात. त्यामुळे समोरून धडकणाऱ्या गाड्यांची संख्या फार आहे. पत्नी शेजारी वही घेऊन बसते आणि चुकीच्या बाजूने आलेल्या त्या प्रत्येक गाडीचा क्रमांक, वेळ आणि रंग फौजदार सांगतील तसा उतरवून घेते.