हो, पण

एक्सेलमध्ये चार्ट काढायला दोन क्लिक पुरतात, ही बातमी आमच्या सेक्रेटरींना कुणीतरी दिली आणि सोसायटीच्या सगळ्या सर्व्हेंचं काम माझ्या गळ्यात आलं. त्या दोन क्लिकच्या आधी काय काय करावं लागतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

या खेपेचा विषय होता पाणी. सकाळचं पाणी सहाऐवजी पाचला सोडावं का आणि घरात माणसं किती, एवढे दोनच प्रश्न. गूगल फॉर्ममध्ये ठरावीक पर्याय देऊ या, असं मी सुचवलं. ‘‘छे छे! लोकांना मोकळेपणानं लिहू द्या,’’ सेक्रेटरी म्हणाले.

लोकांनी लिहिलं. माणसं किती? ‘४’, ‘चार’, ‘आम्ही दोघंच’, ‘तीन आणि सासूबाई’, ‘मुलगा बंगलोरला असतो, धरायचा का?’ आणि ‘तुम्हाला माहीतच आहे’. एका घरानं सावधपणे ‘३-४’ लिहिलं. फाइल एक्सेलमध्ये उघडली तर तिथे ३ एप्रिल! तो सेल आकड्यात बदलला, तर ४५,७५०. एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक धरून दिवस मोजत येतं आणि ३ एप्रिल २०२५ ला तिथवर पोचतं. सरासरी काढली तेव्हा आमच्या इमारतीत घरटी एकेक खेडं राहतंय असं निघालं. सेक्रेटरींनी आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘‘तरीच पाणी पुरत नाही!’’

हसू नका. ‘मार्च १’ नावाच्या जनुकालाही एक्सेल तारीखच समजायचं. अखेर २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीनं ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ घराण्यांची नावंच बदलून टाकली. जिथे शास्त्रज्ञांनी हात टेकले, तिथे आमच्या कमिटीची काय कथा!

खरी परीक्षा पाण्याच्या प्रश्नात होती. ‘हो’, ‘होय’, ‘हो हो’, ‘यस’ आणि एक नुसताच अंगठा. एक्सेलचं मोजणी करणारं काउंटइफ फंक्शन या बाबतीत फार कर्मठ. ‘हो’च्या पुढे एक स्पेस जास्त पडली, तरी ते मत त्याच्या लेखी परकं. ट्रिम वापरून स्पेस कापता येते. ‘पण’ कापणारं फंक्शन मात्र अजून कुणी काढलेलं नाही. ‘हो, पण चौथ्या मजल्याला प्रेशर आलं तर.’ ‘हो, पण आधी पार्किंगचं बघा.’ ‘नाही, पण सगळे हो म्हणत असतील तर हो.’ विल्यम प्लेफेअरनं १८०१ साली पाय चार्ट काढला, तेव्हा तुर्की साम्राज्याची जमीन आशिया, युरोप आणि आफ्रिकेत कशी विभागली आहे ते वर्तुळ कापून दाखवलं. त्याचं बरं होतं. जमीन ‘पण’ म्हणत नाही.

मी बार चार्ट काढला. ‘हो’ १९, ‘नाही’ १७. खजिनदारांना पाणी पाचलाच हवं होतं. ‘‘फरक नीट दिसत नाही हो,’’ म्हणत त्यांनी उभा अक्ष शून्याऐवजी १५ पासून सुरू करायला लावला. लगेच ‘हो’चा खांब ‘नाही’च्या दुप्पट झाला. मतं तेवढीच, नुसती जमीन वर सरकली.

‘‘आणि हा तिसरा, सगळ्यांत उंच खांब कोणाचा?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘‘‘हो, पण’वाल्यांचा. २३.’’

कमिटीत शांतता पसरली. मग एकमतानं ठराव झाला : सर्व्हे पुन्हा घ्यायचा. या वेळी दोनच गोल बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. लिहायला जागाच ठेवायची नाही.

नवा फॉर्म ग्रुपवर पडला. पहिलं उत्तर आलं, स्वच्छ ‘हो’. त्याच्या मागोमाग माझा फोन वाजला.

‘‘अहो, मी हो टाकलंय बरं का. पण...’’