फॉल-बिडिंगचा शेजारधर्म

"अगं, काल रात्री अकरापर्यंत मशीनची खडखड! नवरा चाकणला नाइटला, म्हणून तूही नाइट लावलीस का काय?"

"लग्नसराई आहे काकू. नऊ ब्लाउज द्यायचेत, त्यातले चार कटोरीचे."

"माझ्या भाचीलाही शिकवलं होतं हो कुठल्याशा वर्गात. फोटो काढले, सर्टिफिकेट दिलं, वर मशीनही मिळालं. आता त्यावर टॉवेल वाळतात."

"कापायला शिकवलं असणार, भाव करायला नाही. आमच्या माण तालुक्यात तसं नव्हतं. म्हसवडच्या माणदेशी संस्थेनं २००६ मध्ये बायकांसाठी धंद्याची शाळाच काढली. पुढं तर बसमधूनच ही शाळा गावोगाव यायला लागली. आमच्या वस्तीवर धड एसटी येत नव्हती, पण ही बस यायची! बसमधल्या बाई मुंढा, गळा, काजं, सगळं शिकवायच्या. पण आधी वहीत लिहायला लावायच्या : दोऱ्याचे किती, अस्तराचे किती, आपल्या हाताचे किती."

"हाताचे कसले पैसे?"

"बघा, तुम्हीसुद्धा! माझी सासू जन्मभर लोकांच्या गोधड्या शिवायची. बदल्यात पायलीभर बाजरी, नाहीतर नुसतं 'बरी झाली हं'."

"ती माणदेशी म्हणजे चेतना सिन्हांचीच ना? बायकांची बँक काढलेली?"

"त्याच. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवानगी नाकारली, अर्जावर अंगठे होते म्हणून. बायका लिहा-वाचायला शिकल्या नि परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा! १९९७ ला बँक उभी राहिली."

"बाई बाई! साहेबांचं तोंड बघायला हवं होतं."

"मला तर तो हिशेब इथंच कामाला आला. पाण्यापायी गाव सोडलं, इथं चिखलीत ओळख ना पाळख. दारावर पाटी लावली ती दरासकट. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. समोरच्या तर म्हणाल्या, गावाकडची असून केवढी भारी!"

"म्हणाली असेल. तिला चहाही मोजून लागतो. बरं ऐक, माझ्या नारायणपेठी साडीला जरा फॉल-बिडिंग करून देशील? घरचीच आहे मी."

"देते की. परवा न्या."

"…पैसे घेणारेस?"

"पाटी वाचा ना काकू. दोरा माझा."